तीन सेकंदांची लाट

प्रिय खारुताई,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघून मामीने ते ओल्या हातांनीच फोडलं आणि ओट्याशी उभी राहून मला मोठ्याने वाचून दाखवलं. तू ते काम कायमचं सोडलंस, कॉम्प्युटर कुणाला तरी देऊन टाकलास, शनिवारच्या गाडीने आमच्याकडे येते आहेस आणि इथेच राहून माझ्या हाताखाली सुतारकाम शिकणार आहेस. मामीने एवढं वाचलं आणि पत्र माझ्या हातात कोंबून ती वरची खोली झाडायला पळाली. मी मात्र शेवटच्या दोन ओळींपाशी अडकून पडलो. तू लिहिलं आहेस, 'मामा, सगळ्या जगात तू एकटाच निघालास ज्याने माझ्या कामाला नावं ठेवली नाहीत. म्हणून तुझ्याकडेच येतेय.' हे पत्र त्या दोन ओळींसाठी आहे. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, माझी ताई, तुझी आई, म्हणते तसं मी आधी गावभर हिंडून मग घरी येतो. पण तू बॅग भरायच्या आधी हे शेवटपर्यंत वाच. एवढं एक माझं ऐक.

वरची खोली आता राहण्यासारखी झाली आहे. खिडकीची झडप लागत नव्हती, ती मी तासून दिली. माझा गुडघा अजून कुरकुरतो, मामीची कुरकुर त्याहून कमी. ती कालपासून तुझ्यासाठी गादी उन्हात टाकते, आत आणते, परत टाकते. शेजारच्या शिंपीणबाईने विचारलं, 'कोण पाहुणे येतायत एवढे?' तर म्हणाली, 'पाहुणी कसली, घरचीच पोर आहे, दमून येतेय.' दमून हा शब्द तिने किती जपून निवडला ते मला कळलं.

तुला कारखाना आठवतो का गं? तू चार वर्षांची होतीस तेव्हा ताई कामावर जाताना तुला माझ्याकडे सोडायची. पत्र्याचं छप्पर, लांबलचक खोली आणि मधोमध सिमेंटचा हौद. मी कधी कुठल्या शाळेत हे काम शिकलो नाही. सातवीनंतर खुर्च्या-कपाटं करत होतो. एक दिवस चित्रपटवाला एक माणूस आला आणि म्हणाला, माझ्या गुडघ्याएवढा मनोरा करून दे, तो पडद्यावर आभाळाला टेकला पाहिजे. मी करून दिला आणि तिथून पुढे पंचवीस वर्षं बुटकी शहरं, बुटकी जहाजं, बुटकी यानं करत राहिलो. जे शिकलो ते चुकत चुकत, बोलणी खात. तू लाकडाचे तुकडे फ्रॉकच्या खिशात भरून घरी न्यायचीस म्हणून तुझं नाव खारुताई पडलं. ताई कपडे धुताना माझ्या नावाने ओरडायची.

पण तुझा जीव हौदात. जहाज लहान करता येतं, बंदर लहान करता येतं, पाण्याचा थेंब काही लहान होत नाही, हे मी तुला स्टुलावर उभं करून दाखवलं होतं. म्हणून मग कॅमेरा जोरात पळवायचा आणि पडद्यावर पाणी सावकाश पाडायचं. जहाज सोळाव्या हिश्श्याचं असेल तर कॅमेऱ्याचा वेग चौपट. पाणी जितकं उंचावरून येतं तितका त्याला खाली पोचायला वेळ लागतो, तो वेळ चोरला की डोळ्याला लगेच कळतं, मग बघणारा अडाणी असो की शहाणा. तू ते एका झटक्यात पकडलंस. पुढे कितीतरी दिवस घरातलं काहीही खाली पडलं की तू आकडा मोजायचीस. मामीच्या हातून दुधाचं पातेलं सांडलं तर तू उठून फडकं आणायच्या ऐवजी म्हणालीस, 'मामी, अर्धा सेकंदपण नाही!' मामी अजून सांगते ते.

मग कॉम्प्युटर आले. कारखाना बंद पडला, हौदात राडारोडा टाकून वरून फरशी घातली. तू नेमकी त्याच कॉम्प्युटरवर पाणी करायला शिकलीस आणि मोठ्या कंपनीत लागलीस. मी सगळ्यांना सांगितलं, भाची माझंच काम पुढे नेते आहे, हात तेवढे ओले होत नाहीत. लोक हसायचे, मीही हसायचो. त्यात थोडं काहीतरी टोचायचं, पण ते मी कधी उघडून बघितलं नाही.

घरी बसलो आणि हातात मोबाइल आला, तेव्हा त्यावर एक गट सापडला. त्यात सगळे अवकाशाचे चित्रपट बघणारे आणि बघून आल्यावर कुरकुर करणारे. वाचून करमणूक व्हायची. एक निवृत्त मास्तर लिहायचे, 'हल्लीच्या यानाला बोट लावलं तर शाई निघेल.' एक बाई विचारायच्या, 'ग्रह फुटतो तरी नायिकेची बट हलत नाही, कुठलं तेल लावते हो?' राक्षसाच्या पायाखाली धूळ उडत नाही, स्फोट सगळे एकाच केशरी रंगाचे, माणसं हवेत पिसासारखी. मी माझ्या जुन्या यानांचे फोटो टाकले. लोक वेडेच झाले. मला हौदवाले म्हणायला लागले. हे असं का दिसतं, ते तसं का नाही, मला विचारायला लागले. वीस वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं, गं. स्टूल डुगडुगतंय एवढंच काय ते सांगायला लोक यायचे. मी सकाळी चहाआधी फोन बघायला लागलो. मामी म्हणायची, 'अहो, त्या फोनला विचारा चहा घेतो का ते.'

तो चित्रपट लागला तेव्हा आम्ही गटातले चौघे पहिल्याच दिवशी दुपारच्या खेळाला गेलो. चंद्राचा तुकडा निखळतो आणि समुद्र उठतो, ते दृश्य आलं. तीनशे मीटर उंच लाट शहरावर कोसळते. तेवढ्या उंचीवरून पाणी खाली यायला आठ सेकंद तरी हवेत. मी अंधारात सवयीने मोजलं. एक, दोन, तीन, आणि शहर गेलं. मास्तर माझ्या कानाशी लागून म्हणाले, 'काय हो हौदवाले, ही लाट की नळ फुटला?' पुढच्या रांगेतली माणसंसुद्धा हसली. घरी आल्यावर ओट्याजवळच्या खुर्चीत बसून मी एका बोटाने लिहिलं. तुला ते शब्द पाठ आहेत. 'ही लाट नाही, बादली आहे. मोजून बघा, तीन सेकंद. करणाऱ्याने आयुष्यात कधी पाण्याकडे नीट बघितलेलं दिसत नाही.'

हो, खारुताई. ते माझं होतं. खाली माझं नाव नव्हतं, हौदवाले एवढंच होतं, आणि तू त्या गटात नव्हतीस, म्हणून तुला कळलं नाही. तिथून ते कुणी उचललं, कुणी त्या दृश्यावर सेकंदाचे आकडे चढवले, कुणी लाटेच्या जागी लाल बादली बसवली, आणि चार दिवसांत ते माझं राहिलंच नाही. नावनिशाणीशिवाय ते साऱ्या जगात फिरलं. आमच्या गटात मात्र सगळ्यांना माहीत होतं की पहिलं वाक्य कुणाचं. मास्तरांनी मला हार घातलेला फोटो टाकला. मी तो मामीला दाखवला, सांगायला लाज वाटते, पण दाखवला.

पुढचं तू भोगलंस, मी फक्त ऐकलं. चित्रपटाच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या यादीतून लोकांनी पाण्याचं काम करणारी चार नावं काढली, आणि कुठल्याशा कॉलेजात तू दिलेल्या व्याख्यानामुळे त्यांतलं तुझं नाव पकडलं. तुझ्या फोटोखाली हजारो बादल्या. ताईला दुकानात कुणीतरी विचारलं, 'ती बादलीवाली तुमचीच ना?' कंपनीत तुझ्या टेबलावर खरीखुरी प्लास्टिकची बादली ठेवली, तीही परक्या कुणी नाही, रोज तुझ्याबरोबर जेवणाऱ्यांनी, गंमत म्हणून. तू ती उचलून कोपऱ्यात ठेवलीस आणि काम करत राहिलीस. महिनाअखेरीला तुझा करार पुढे वाढवला नाही. तेव्हा तू मला फोन केला होतास. म्हणालीस, 'मामा, बाकीचं मी गिळेन रे. पण कुणीतरी लिहिलंय की मी कधी पाण्याकडे बघितलंच नाही. मी? अरे, मी?' आणि मी, तुझा मामा, काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, 'असल्या रिकामटेकड्यांच्या तोंडी लागू नकोस, पोरी. त्यांना काय कळतंय.' तू नाक ओढून थोडी हसलीस. फोन ठेवल्यावर मी अंगणात जाऊन उभा राहिलो. मला वाटलं आत्ताच परत फोन लावावा. लावला नाही. उद्या लावू म्हटलं. तुझ्या मामाचे सगळे उद्या असेच आहेत.

मग ताईचा फोन आला. तू खात नाहीस, कुणाशी बोलत नाहीस, दहा दिवस आंघोळ केली नाहीस, न्हाणीघरातली बादली बघितली की दारातून मागे फिरतेस. पुढे तू उठायचीही बंद झालीस आणि तुला दवाखान्यात ठेवलं. आम्ही दोघं आलो तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. हात एवढा बारीक झाला होता की मनगटावरची दवाखान्याची नावाची पट्टी कोपरापर्यंत सरकत होती. मी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला, तर तू न वळता म्हणालीस, 'मामाचा हात.' पुढे बारा दिवस तू तेवढंच बोललीस असं ताई सांगते. तेवढेच दोन शब्द, आणि ते माझ्यासाठी.

बाहेरच्या बाकावर तुझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण बसली होती, ती चष्मेवाली, नखं खाणारी. तिने मला खरं काय ते सांगितलं. तुझी लाट आठ सेकंदांचीच होती. सात महिने तू तिच्यावर होतीस. फेस कधी उठतो, थेंब कधी धुकं होतात, सगळं तू लावून ठेवलं होतंस, आणि ते चालवून बघताना मागे उभ्या राहिलेल्या माणसांनी ते परत परत लावायला सांगितलं होतं. चित्रपट लागायला नऊ दिवस उरले असताना दिग्दर्शकाला वाटलं की लोक कंटाळतील, आणि तीन सेकंदांत बसवा असा निरोप आला. तू लेखी कळवलंस की पाणी असं पडत नाही. पुन्हा कळवलंस. तिसऱ्यांदा कळवलंस तेव्हा तुला सांगितलं की तुम्ही पाणी बघा, चित्रपट आम्ही बघतो. वर यातलं बाहेर एक अक्षर बोलायचं नाही अशी सही तू आधीच करून दिलेली. म्हणजे जग तुला ज्या चुकीसाठी हसत होतं, ती चूक होऊ नये म्हणून भांडलेली तू एकटीच होतीस. ती मुलगी हे सांगताना रडत होती. मला म्हणाली, 'मामा, ती नेहमी म्हणायची, माझ्या मामाने हौदात शिकवलंय, मला तीन सेकंद करताना लाज वाटते.' मी तिला पाणी आणून देतो म्हणून उठलो आणि जिन्यात बसून राहिलो.

घरी येऊन मी मामीला सांगितलं की ते वाक्य माझं. तिने कणीक मळणं थांबवलं नाही. बराच वेळ मळत राहिली. मग म्हणाली, 'तो हाराचा फोटो मी किती कौतुकाने बघितला होता.' दोन दिवस तिने माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच समजूत घातली, 'जाऊ दे, तुम्हाला कुठे माहीत होतं ती लाट तिची ते? अजाणता झालं. पण तिला सांगा. नाहीतर मी सांगेन.' मी मान हलवली आणि परत दिवस काढत बसलो. तू बरी हो, मग सांगू. तू घरी जा, मग सांगू.

गेल्या आठवड्यात मी गटात लिहिलं. तुझं नाव, कंपनीचं काम, काहीही काढलं नाही. एवढंच लिहिलं की पहिलं वाक्य माझं, खाली माझं पूर्ण नाव, आणि करणाऱ्याला पाणी माझ्यापेक्षा जास्त कळतं, मी चुकलो. जुनं वाक्य पुसलं नाही, पुसलं असतं तर पळाल्यासारखं झालं असतं. बादलीवर दोन लाख माणसं हसली होती. माझी माफी अकरा जणांनी वाचली. त्यातला एक म्हणाला, 'आजोबा, हा विषय शिळा झाला, आता नव्या चित्रपटाबद्दल बोला, त्यातली वाळू बघितली का?' मास्तरांनी फोन करून विचारलं, 'तब्येत बरी आहे ना तुमची?' मी गटातून बाहेर पडलो. त्याने तुझं काही परत आलं नाही, हे मला ठाऊक आहे.

आता जे मामीलाही सांगितलेलं नाही ते. चित्रपट लागायच्या दोन-अडीच महिने आधी तू एका दिवसासाठी आली होतीस आणि मामी बाजारात गेलेली असताना मागच्या पायरीवर बसून तू मला फोनवर एक लाट दाखवली होतीस. नुसती करडी, ना आभाळ, ना शहर. कुठल्या चित्रपटाची ते सांगायची तुला मुभा नव्हती. तुला खात्री असेल की रंगवलेली, पळवलेली ती लाट मला पडद्यावर ओळखू आली नसणार. खारुताई, मी ती पहिल्या क्षणी ओळखली. तिची कड रंध्यातून लाकडाचं सालपट निघतं तशी आत वळत होती, ते वळण दुसऱ्या कुणी दिलं नसतं. मी ओळखली, छाती भरून आली, आणि मग तीन मोजून झाले. मला वाटलं, हिने माझं ऐकलं नाही. आमचं काम जुनं झालं, आमचे आठ सेकंद हिला जड झाले. बाजूला मास्तर हसत होते आणि 'ती माझ्या भाचीची लाट आहे' हे पाच शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. घरी जाऊन मी जे लिहिलं ते कुणा अनोळखी माणसाबद्दल नव्हतं. 'कधी पाण्याकडे नीट बघितलेलं दिसत नाही' हे मी तुलाच लिहिलं होतं, तुला लागावं म्हणूनच लिहिलं होतं, आणि ते बरोबर जागी लागलं. तू माझ्याकडे येते आहेस ते मी नावं ठेवली नाहीत म्हणून. नावं मीच ठेवली, सगळ्यांत आधी, जाणूनबुजून. हे तुला गाडीत बसायच्या आधी माहीत असायला हवं, इथे येऊन, माझ्या ताटाशेजारी बसून नव्हे. म्हणून हे पत्र. शनिवारी मी स्टेशनवर येणार नाही. मी समोर उभा राहिलो तर तू भिडेखातर माझ्याबरोबर चालत येशील, आणि तुझ्या भिडेवर जगायची माझी आता इच्छा नाही. तू आलीस तर मामी फाटकाशी असेल. नाही आलीस तर ती रविवारी तुझ्याकडे येईल, तिला हे सगळं मी तोपर्यंत सांगितलेलं असेल. तिला आत घे. ती पोळलेली असेल, आणि तिचा यात काही दोष नाही.

तुझाच, पण तसं म्हणायचं की नाही हे आता तू ठरवायचं,
मामा